अक्षरे उशिरा आली



आमच्या धाकटीला सातवीत विज्ञानाच्या चाचणीत दहापैकी तीन गुण पडले, तेव्हा आम्ही तिला नको ते बोललो. चूक तिची नव्हती. ती कुठे होती हे कळायला आम्हाला पंधरा दिवस लागले आणि ती दुरुस्त करायला शिकण्यात पुढचे वर्ष गेले. त्याची ही हकीकत.

आधी आमची ओळख. आम्ही म्हणजे नवरा-बायको दोघे. लिहिणारा हात एकच आहे, पण वाक्ये दोघांनी भांडून ठरवली आहेत. मुले घरात ज्या नावांनी हाका मारतात तीच इथे लिहितो: आई, बाबा, दादा आणि धाकटी. मुक्काम विंचूर, तालुका निफाड. बाबा कांद्याच्या खळ्यावर गोण्या भरणे, शिवणे, ट्रकवर चढवणे ही कामे करतात. आई हंगामात कांदा निवडायला जाते आणि द्राक्षांच्या दिवसांत बागेत. दादा तेव्हा बारावी होऊन घरी बसलेला होता. धाकटी चार वर्षांची असताना तिला मोठा ताप आला. पोर वाचली, पण कान गेले. श्रवणयंत्र लावले की ट्रकचा हॉर्न, डफाची थाप, दार आपटल्याचा दणका एवढे तिला कळते. माणसाचे बोलणे कळत नाही. नाशिकला मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत ती खुणांची भाषा शिकली आणि वाचायला तर दादापेक्षा लवकर शिकली. सिन्नरपासून येवल्यापर्यंत रस्त्यावरची प्रत्येक पाटी ती एस.टी.च्या खिडकीतून वाचत यायची.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळेने मुलांना घरी पाठवले. जूननंतर धडे मोबाईलवर येऊ लागले. बाई स्लाइड तयार करून त्यावर आपला आवाज भरायच्या, आणि ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी तेच बोलणे खाली अक्षरांत उमटायचे. याला क्लोज्ड कॅप्शन म्हणतात. क्लोज्ड म्हणजे झाकलेली. ज्याला हवी त्याने उघडावी, नको त्याने झाकून ठेवावी. सिनेमाखाली जे भाषांतर येते त्याहून ही वेगळी. यात नुसते बोलणे नाही, तर घंटा वाजली, टाळ्या पडल्या, बाहेरून कोणी हाक मारली, हेही कंसात लिहायचे असते.

धड्याखाली अक्षरे आहेत म्हटल्यावर आम्ही निर्धास्त झालो. घरात मोबाईल एकच, त्यालाही भेग गेलेली. तो सकाळी धाकटीच्या हाती द्यायचा आणि आपण कामाला जायचे. पोर शिकते आहे, आणखी काय हवे?

मग ती चाचणी आली. पचनसंस्थेची आकृती दिलेली होती आणि दहा भागांना नावे द्यायची होती. पुस्तके अजून हाती पडली नव्हती, धडा पाहूनच अभ्यास. धाकटीने दात, जीभ, लाळग्रंथी ही पहिली तीन नावे बरोबर लिहिली. चौथी जागा कोरी. पुढे अन्ननलिकेच्या जागी ‘घसा’, जठराच्या जागी ‘अन्ननलिका’, यकृताच्या जागी ‘जठर’, असे करत मोठ्या आतड्यापाशी ‘लहान आतडे’. बाबा खळ्यावरून दमून आलेले. म्हणाले, “दिवसभर मोबाईल हातात असतो, लक्ष कुठं असतं तुझं?” आईनेही दोन शब्द वर लावले. धाकटी ओठ वाचत नाही, पण चेहरे वाचते. तिने वही आणली, धडा पाहताना काढलेली आकृती दाखवली आणि खुणांनी सांगितले, की जे दिसले तेच लिहिले आहे. आम्हाला वाटले, लेकरू सबब सांगते आहे. ती जेवली नाही.

पंधरा दिवसांनी दादाने सहज तो धडा लावला. तो आवाजासह पाहत होता, धाकटी शेजारी बसून अक्षरे वाचत होती. शेवटी उजळणीची एक स्लाइड होती. आकृतीतला एकेक भाग पाच-सहा सेकंद लाल व्हायचा, बाई त्याचे नाव सांगायच्या, की पुढचा भाग लाल. पहिले तीन भाग नीट गेले. चौथ्यापाशी घसा लाल झाला, बाई ‘घसा’ म्हणाल्या, खाली मात्र काहीच आले नाही. अन्ननलिका लाल झाली आणि खाली अक्षरे आली, ‘घसा’. दादा ओरडला, “आई, ही अक्षरं मागं चालली आहेत!”

एक शब्द चुकलेला नव्हता. शुद्धलेखनसुद्धा चोख. फक्त सहा सेकंद उशीर. ऐकू येणाऱ्या मुलाला तो उशीर कळलाही नसता, कारण त्याने कानाने वेळेवर ऐकलेले असते. तो ज्याच्यासाठी होता त्यालाच नडला. बाबांनी ते आपल्या भाषेत सांगितले. लिलावात पुकारणारा पुढच्या ट्रॅक्टरपाशी गेला, आणि तुम्ही अजून मागच्या ट्रॅक्टरचा कांदा पाहून मान हलवताय, असे हे झाले. त्या रात्री बाबांनी धाकटीची माफी मागितली. खुणांच्या भाषेत माफी कशी मागायची हे त्यांना येत नव्हते, तेही तिनेच शिकवले.

इथे थोडे मागे जाऊन एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा चित्रपट मुका होता. मजकुराच्या पाट्या मध्येच पडद्यावर यायच्या, आणि कान असलेला व नसलेला प्रेक्षक त्या एकाच वेळी वाचायचा. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला, पुढच्याच वर्षी मराठीत ‘अयोध्येचा राजा’ बोलला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना ऐकू येत नव्हते ती माणसे मात्र त्या दिवसापासून थिएटरच्या बाहेर पडली, आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही. अमेरिकेत दूरदर्शन संचावर झाकता-उघडता येणारी अक्षरे १९८० साली नियमाने सुरू झाली. म्हणजे मधली जवळजवळ पन्नास वर्षे गेली.

आपल्याकडेही एका माणसाने अक्षरांच्या वेळेचा विचार फार आधी केला होता. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतले ब्रिज कोठारी. गाणे ज्या भाषेत त्याच भाषेत त्याचे शब्द खाली द्यायचे, आणि गायक जो शब्द म्हणेल तो त्याच क्षणी रंग बदलेल, अशी त्यांची कल्पना. १९९९ साली गुजरातीत आणि २००२ साली दूरदर्शनच्या चित्रहारात ती आली. हेतू साक्षरतेचा होता, ज्यांचे वाचन अर्धवट राहिले त्यांचा सराव व्हावा असा. आमच्या घरातली आई त्यातलीच. सातवीनंतर शाळा सुटलेली, लग्न होऊन विंचुरात आली, आणि शेजारच्या घरी चित्रहार पाहताना ती अक्षरांवर बोट ठेवल्यासारखी वाचायची. गाणे आणि अक्षर बरोबर चालले म्हणूनच ते जमले, हे तिला आता कळते. अक्षर मागे पडले असते, तर तिने नुसते गाणे ऐकले असते आणि खाली पाहिलेच नसते.

आता दुरुस्तीकडे येतो. दादाने कॅप्शनची फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. आम्हाला वाटले होते आत काहीतरी मोठे यंत्र असेल. आत निव्वळ मजकूर निघाला. दर पाटीला (आम्ही एका वेळी दिसणाऱ्या अक्षरांना पाटी म्हणतो) एक अनुक्रमांक, खाली सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, मध्ये बाण, त्याखाली बोललेले शब्द आणि मग एक मोकळी ओळ. वेळ तास, मिनिटे, सेकंद अशी, आणि स्वल्पविरामानंतर सेकंदाचा हजारावा भाग. मोकळी ओळ विसरली की दोन पाट्या एकमेकींत घुसतात. वेळेचे आकडे इंग्रजीतच हवेत. आईने एकदा हौसेने मराठी आकडे टाकले, तर सगळी अक्षरे गायब. आणि जतन करताना यूटीएफ-८ हा प्रकार निवडला नाही तर मराठीची नुसती प्रश्नचिन्हे होतात. हे सगळे आपटून आपटून शिकलो. कोणी ओळीने सांगितले असते तर एका संध्याकाळचे काम होते.

दादाने पहिल्या झटक्यात सगळ्या पाट्या सहा सेकंद अलीकडे ओढल्या. मोठ्या दिमाखात धडा लावला, तर आता दात, जीभ, लाळग्रंथी चुकल्या! त्या आधी बरोबर होत्या ना. मग ध्यानात आले की बाईंनी धडा बोलून झाल्यावर मधले सहा सेकंदांचे अडखळणे कापून टाकले होते. आवाज तेवढा आखूड झाला, पण अक्षरांची फाईल जुनीच राहिली. म्हणून कापलेल्या जागेपर्यंत सगळे ठीक, तिथून पुढे सगळे मागे. तेव्हा दुरुस्तीही तिथूनच पुढे करायची. स्लाइडच्या धड्यांत हे फार होते. एखादी स्लाइड नव्याने घातली, एखाद्या स्लाइडचा आवाज पुन्हा भरला, की पुढचे सगळे सरकते. सिनेमा एकदा तयार झाला की झाला. धडा मात्र दर वर्षी कोणीतरी सुधारतो आणि अक्षरांना सुधारायचे विसरतो.

दुसरा प्रकार त्याहून चकवणारा. सुरुवातीला अक्षरे जुळतात आणि मग हळूहळू दूर जातात. एका धड्याचा वेग कोणीतरी किंचित वाढवला होता, शंभराला चार इतकाच. कानाला कळतही नाही. पण दहा मिनिटांच्या धड्यात शेवटी चोवीस सेकंदांचा फरक पडतो, हिशेब करून पाहा. इथे सरकवून भागत नाही, सगळ्या वेळा त्याच प्रमाणात आखडाव्या लागतात. दादाने त्रैराशिक मांडले. बाबा म्हणाले, शाळेत शिकलेले काहीतरी पहिल्यांदा घरात वापरलेले पाहतोय.

बाईंना आम्ही दुरुस्त फाईल भीतभीतच पाठवली. मोठ्या माणसाची चूक दाखवली असे वाटू नये म्हणून आईने पत्रात तीनदा ‘कृपया’ लिहिले होते. बाईंचा त्याच संध्याकाळी फोन आला. त्या म्हणाल्या, “मी धडा कधी आवाज बंद करून पाहिलाच नाही हो.” आम्हाला त्यांचा राग आला नाही. आम्ही तरी कुठे पाहिला होता? त्यांनी मग पुढचे धडे आधी आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली. वर्षभरात वीस-बावीस धडे झाले. शाळेत त्या वर्गात अकरा मुले होती, अकराही घरांत ते धडे गेले.

हाताने आकडे बदलणे फार वेळखाऊ. चौदा मिनिटांच्या धड्याला आमच्या दोन रात्री जायच्या. आई मोबाईलच्या घड्याळावर, दादा फाईलवर, बाबा घोरत. मग दादाने मित्राचा लॅपटॉप आणला आणि त्यावर सबटायटल एडिट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चढवला. त्यात खाली आवाजाचे चित्र दिसते. बोलणे असेल तिथे टेकड्या, शांतता असेल तिथे सपाट रेघ. पाटी त्या टेकडीवर नेऊन बसवायची, की वेळ आपोआप लिहिली जाते.

धाकटी मागे उभी होती. तिने विचारले, हे काय? दादाने सांगितले, हा बाईंचा आवाज. ती पुढे आली. एका टेकडीवर बोट ठेवले, दुसरीवर ठेवले. मग तिने विचारले, माझा कसा दिसतो? दादाने मोबाईल तिच्या तोंडापाशी धरला. ती आम्हाला हाक मारते तसा, तिच्या पद्धतीचा ‘आई’ म्हणाली. पडद्यावर दोन टेकड्या उमटल्या, दुसरी जरा मोठी. ती बराच वेळ पाहत राहिली. तिला आवाज आहे हे तिला ठाऊक होतेच, पण तो पाहिला पहिल्यांदा.

त्या दिवसापासून काम तिच्याकडे गेले. टेकडी कुठे सुरू होते हे तिला आमच्यापेक्षा बारीक दिसते. कोणत्या टेकडीत कोणता शब्द हे अर्थातच तिला कळत नाही, म्हणून आई एकदा ऐकून दर वाक्याच्या सुरुवातीला खूण करून ठेवते. एकदा आई खूण करायला विसरली आणि धाकटीने एक अख्खी पाटी बाईंच्या खोकल्यावर बसवली. आम्ही हसलो. तिने कारण विचारले, आम्ही सांगितले. तर म्हणाली, मग तसे लिहा, बाई खोकल्या. तुम्हाला ऐकू आला ना? त्यापुढे आमच्या धड्यांत खोकलाही कंसात येऊ लागला.

पाटी किती वेळ ठेवायची हा वेगळा वाद. जगात जे नियम पाळतात ते साधारण असे: एका वेळी दोनच ओळी, पाटी निदान सेकंदभर राहावी, सहा-सात सेकंदांपलीकडे अडून राहू नये. बीबीसी आपल्या कार्यक्रमांसाठी मिनिटाला १६० ते १८० शब्दांचा वेग धरते. पण ते इंग्रजीचे झाले. मराठी शब्द एकात तीन शब्द पोटात घेऊन चालतो. ‘पाण्यामध्येसुद्धा’ हा मोजायला एकच, वाचायला केवढा! म्हणून आम्ही शब्द मोजणे सोडले आणि आईचे डोळे हे माप ठरवले. आईचे मनातल्या मनात वाचून झाले तर पाटी पुरेशी. नाही झाले तर वाढवायची. हे माप शास्त्रशुद्ध नसेल, पण ज्या घरांत आमचे धडे जात होते त्या घरांना ते बरोबर बसले.

वेळ पुरत नसेल तर काय करायचे? बाबांचे म्हणणे, वाक्य छोटे करावे. बाईंनी वीस शब्दांत सांगितले ते आपण दहात लिहावे. धाकटी यावर भडकली. तिचे म्हणणे असे, की ऐकणाऱ्या मुलांना वीस शब्द आणि मला दहा का? कोणते दहा गाळायचे हे कोण ठरवणार? बाबा निरुत्तर झाले. या बाबतीत जाणकारांतही दोन मते आहेत. दूरदर्शनच्या बातम्यांत चित्र थांबत नाही, तिथे काही गाळणे भागच पडत असेल. पण धड्याची स्लाइड थांबवता येते. तिथे शब्द कापायचे नाहीत, स्लाइडच दोन सेकंद जास्त ठेवायची, असे घरात ठरले. आम्हाला तरी हे पटले आहे.

स्लाइड थांबवण्याचे आणखी एक कारण तिनेच दाखवले. बाई म्हणतात, “इकडे पाहा, हा बाण कुठून कुठे जातो.” ऐकणारे मूल कानाने ऐकते आणि डोळ्याने बाण पाहते. धाकटीला दोन्हीला डोळेच. ती ‘इकडे पाहा’ वाचते तोवर बाण पोहोचलेला असतो. म्हणून पाटी गेल्यावर नुसते चित्र थोडा वेळ राहिले पाहिजे. अक्षरांची पट्टी खाली येते तेव्हा आकृतीतली खालची नावेही झाकून जातात. ती पट्टी अशा वेळी वर न्यावी लागते. आणि ज्या मुलांची पहिली भाषा खुणांचीच आहे त्यांना अक्षरे कितीही वेळेवर आली तरी पुरत नाहीत, त्यांना खुणा करून सांगणारे माणूस चौकटीत हवे. त्यासाठी दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेची संस्था निघाली, २०१८ मध्ये तिने तीन हजार शब्दांचा पहिला कोश काढला. आमच्या धाकटीला लिहिलेले चालते, हे तिचे नशीब.

कायदाही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातले ४२ वे कलम सरकारला सांगते, की ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि क्लोज्ड कॅप्शन यांच्या द्वारे इलेक्ट्रॉनिक माध्यमे या लोकांना खुली करा. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेली माणसे देशात पन्नास लाखांच्या वर मोजली गेली. त्या कलमात वेळेचा शब्द नाही. इंटरनेटसाठी जगभर जी नियमावली २००८ पासून धरतात, तिच्यात मात्र कॅप्शनच्या व्याख्येतच आवाजाशी मेळ हवा असे म्हटले आहे. मेळ नसेल तर ती कॅप्शनच नव्हे. आपल्याकडे तपासणारा बहुधा एवढेच पाहतो की खाली अक्षरे आहेत का. आहेत? मग बरोबरची खूण. आम्हीही तेच केले होते, त्यामुळे दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

धाकटी २०२४ साली दहावी झाली. गुण सांगत नाही, नजर लागेल असे तिच्या आजीला वाटते. दादाला नाशिकला कामगारांसाठी शिकवणीच्या स्लाइड तयार करण्याचे काम मिळाले. मालकाला त्याने ज्या दिवशी अक्षरे जुळवून दाखवली त्याच दिवशी ते पक्के झाले. तो शनिवारी विंचूरला येताना काम घेऊन येतो आणि तपासणीचे पैसे धाकटीला वेगळे मिळतात. आवाज बंद करून ती एकदा पूर्ण पाहते. तिला जिथे अडते तिथे काहीतरी चुकलेले असते.

मागच्या द्राक्ष हंगामाआधी बागेत फवारणी करणाऱ्या मजुरांसाठीची शिकवणी आली. आमच्या तालुक्यात घरटी कोणी ना कोणी हे काम केलेले आहे, आईनेही केले आहे, तोंडाला पदर बांधून. त्यात औषधाच्या डब्यावरचे त्रिकोण समजावले होते. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम, हिरवा त्या मानाने कमी. एकेक त्रिकोण येतो आणि जातो. अक्षरे एक घर मागे होती. पिवळ्या त्रिकोणाखाली ‘अत्यंत विषारी’, आणि हिरवा आला तेव्हा खाली ‘मध्यम’. ते पाहून आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. पचनसंस्थेत सात गुण गेले होते. इथे डबा हातात असणार होता. पंपाच्या आवाजात ही शिकवणी ऐकणारा प्रत्येक जण त्या वेळी बहिराच असतो, त्यामुळे अक्षरांवर सगळ्यांचीच भिस्त.

दादाने त्रिकोण जुळवले. धाकटीने पुन्हा पाहिले आणि दुसऱ्याच पाटीवर बोट ठेवले. तिथे लिहिले होते, ‘वारा समोरून येत असेल तर फवारणी करायची’. पाटी संपली. चांगले दोन सेकंद गेले. मग पुढच्या पाटीवर एकटा शब्द आला, ‘नाही.’

आम्ही आवाज लावून ऐकले. बोलणाऱ्याने मध्ये श्वास घेतला होता, टेकड्यांच्या मध्ये सपाट रेघ होती, म्हणून प्रोग्रॅमने वाक्य तिथे तोडले. वेळ अगदी बरोबर. इंग्रजीत नकार आधी येतो, तिथे असे तुटले तरी बिघडत नाही. आपल्या भाषेत ‘नाही’ सगळ्यांच्या शेवटी येते, आणि तोवर ज्याने वाचायचे ते वाचून मान खाली घातलेली असते. दादा म्हणाला, दोन्ही पाट्या जोडू. जोडल्या. ओळ लांब झाली, ‘नाही’ दुसऱ्या ओळीत एकटे लटकले. धाकटीने ‘फवारणी करायची नाही’ एवढे खालच्या ओळीत आणले, वारा वरच्या ओळीत ठेवला, आणि पाटीचा शेवट ओढून आणखी तीन सेकंद लांबवला.

बाबा म्हणाले, “इतका वेळ? बोलणारा पुढं गेला की.”

ती स्क्रीनकडे पाहत होती, तिने बाबांकडे पाहिलेच नाही. दादाने खांद्याला हात लावून तिला बाबांचे म्हणणे सांगितले. तिने पुढची स्लाइडच तीन सेकंद मागे ढकलली आणि फाईल जतन केली.